साडेअकराच्या बसला दाखवलेले हात

पेडण्याहून हरमलकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक वळण आहे. तिथे बसथांबा नाही. तरीही काही वर्षे रोज सकाळी साडेअकराच्या सुमारास तिथे कोणी ना कोणी एक हात उघडा करून, वर धरून उभे असे. कधी रशियन मुलगी, कधी म्हापशाच्या बाजारात मसाले विकणारा, कधी लग्न ठरलेला बँकेतला कारकून. साडेअकराची बस त्या वळणावर वेग कमी करी. कंडक्टर दारातून अर्धा बाहेर वाके, वर धरलेल्या हाताकडे एकदा पाही आणि एक शब्द टाकून पुढे जाई. "वाघ." किंवा "गुलाब." दिवस वाईट असला तर "माजर?"

रस्त्यापलीकडे शेताच्या मेरेवर, म्हणजे बांधावर, एक उंच, वाळका मनुष्य कानावर तळवा धरून तो शब्द ऐकत असे. वाघाला वाघ म्हटले गेले असेल तर तो मान हलवून रस्ता ओलांडी आणि दुकानात शिरे. वाघाचे मांजर झाले असेल तर स्पिरिटचा बोळा घेऊन गिऱ्हाइकाच्या दंडावरची शाई पुसून टाकी आणि म्हणे, "फाल्यां." उद्या. सुईला त्या दिवशी सुट्टी.

आम्ही सगळे त्यांना पेंटर म्हणत असू. त्यांचे नाव दुकानाच्या पाटीवरही नव्हते. पाटीवर पिवळ्या जमिनीवर लाल, लालला काळी सावली, सावलीला पांढरी कड अशा अक्षरांत फक्त 'टॅटू' लिहिलेले होते आणि दोन्ही बाजूंना एकेक कमळ. तशी अक्षरे आमच्या भागातल्या लोकांनी आयुष्यभर पाहिली होती. मात्र दुकानावर नव्हे, डिचोलीहून खनिज घेऊन धावणाऱ्या ट्रकांच्या पाठीवर. खाणी चालत होत्या तेव्हा त्या तालुक्यातल्या निम्म्या ट्रकांच्या फाळक्यांवर पेंटरांच्या कुंचल्याने देवीची नावे लिहिलेली होती. पुढे खाणी बंद पडल्या, ट्रक उभे राहिले, आणि लिहायला पत्रा उरला नाही. पेंटर किनाऱ्याकडच्या बाजूला आले आणि माणसांवर लिहू लागले.

ट्रकाने त्यांना एकच गोष्ट शिकवली होती, आणि ती ते दिवसातून तीनदा तरी बोलून दाखवत. "धुरळ्यात वाचूक आयलां तर अक्षर. नायतर नुसतो रंग."

हे ते शब्दशः घेत. दुकानातल्या कपाटात जंतुनाशकाच्या बाटल्यांशेजारी खाणीतल्या लाल मातीचा एक पत्र्याचा डबा होता. कागदावर काढलेले चित्र गिऱ्हाइकाला पसंत पडले की ते डब्यातली चिमूटभर माती त्यावर भुरभुरत, कागद भिंतीला लावत आणि दारापर्यंत मागे जाऊन पाहत. मातीच्या पडद्याआडून चित्र ओळखू आले तरच त्याचा छाप गिऱ्हाइकाच्या अंगावर उमटे, आणि मग बसची वेळ होईपर्यंत त्या माणसाला थंडगार कोकम सरबत मिळे. त्या दुकानाचा वास मला आजही वेगळा काढता येतो: स्पिरिटचा तीक्ष्णपणा, त्याखाली कोकमाचा आंबटगोड, आणि सर्वांत तळाशी, पहिल्या दोन वासांना दम लागल्यावर वर येणारा, लोखंडी मातीचा.

पेंटरांना जवळचे नीट दिसत नसे. चष्मा होता, तो खिशातच राही. "लागचां बघूक दीपाली आसा," असे ते म्हणत. जवळचे पाहणारी दीपाली सावंतवाडीकडची होती, तिशी ओलांडलेली, आधी नवऱ्या मुलींच्या हातांवर मेंदी काढणारी. सुई तिच्या हातात असे. भिंगाचा दिवा ओढून ती कातडीवर इतकी वाके की तिचा श्वास गिऱ्हाइकाला जाणवावा. एकजण कातडीपासून वीतभर अंतरावर, दुसरे रस्त्यापलीकडे. आणि त्या दोघांच्या मधल्या हवेत अखंड भांडण.

"पेंटर, माणूस काय ट्रक आसा? त्याच्या पाठसून कोण गाडी चलवता?"

"सगळीच चलवतत," पेंटर मेरेवरून सांगत.

एका परदेशी मुलीला कानामागे मसुराएवढा चंद्र हवा होता. पेंटरांनी तिला आरशासमोर बसवून विचारले, "तुका तरी दिसतलो?" भाषा तिला कळली नाही, प्रश्न कळला. ती तीन दिवस येत राहिली. चंद्र कानामागून मानेवर आला, मानेवरून खांद्यावर, आणि वाढत वाढत मोसंब्याएवढा झाला. तिसऱ्या दिवशी कंडक्टर म्हणाला, "चंद्रीम." तो एक शब्द ती आमच्याकडून शिकून गेली. दुकानातून निघताना भेटेल त्याला नमस्काराऐवजी ती तोच म्हणत होती.

आणखी एकदा डिचोलीकडचा एक म्हातारा ड्रायव्हर आला. त्याला दंडावर ट्रकाचा नंबर हवा होता. ट्रक भंगारात निघाला होता. पेंटरांनी त्याला काहीही विचारले नाही. नंबर पाठ असल्यासारखा त्यांनी तो लिहिला, तोच उतार, तीच सावली, आणि शेवटच्या आकड्याला तोच छोटा झोका. फाळक्यावर तो त्यांनीच लिहिला होता. त्या दिवशी बसने हॉर्न वाजवला, कारण कंडक्टरने नंबर वाचला आणि बसचा ड्रायव्हर त्या नंबरामागून कित्येक वर्षे धुरळा खात गेला होता.

हे सारे मला नंतर कळले. मी त्या दुकानात प्रथम गेले ती माझ्या आईसाठी.

आईच्या डाव्या हाताच्या आतल्या बाजूस, मनगट आणि कोपर यांच्या मध्ये, गोंदण होते. लहानपणी दुपारी तिच्या कुशीत पडले की मी त्यावरून बोट फिरवत असे. गोंदण हाताला लागत नाही, असे सगळे सांगतात. माझ्या बोटाला ते लागे. मी ठिपके मोजत जाई आणि तेराव्यावर मला झोप येई. मी ते डोळ्यांनी कधी नीट पाहिले नाही. जे रोज हाताखाली असते ते कोण पाहते. आई गेली, आणि तिच्यासोबत तेही गेले. मग मी घरातले सारे फोटो काढून बसले. एकातही तो हात उघडा नव्हता. कुठे पदर, कुठे बांगड्या, कुठे माझ्याच डोक्याखाली दबलेला. मला आठवत होता तो फक्त आकडा.

उरली होती मावशी. आईहून दोन वर्षांनी मोठी, डिचोलीच्या पलीकडे एका वाड्यावर राहणारी. दोघी बहिणींना एकाच जत्रेत, एकाच दिवशी, एकाच गोंदणारणीने गोंदले होते, एकीसारखेच दुसरीला. म्हणजे आईचे गोंदण जगात अजून एका हातावर होते, आणि तो हात पंच्याऐंशी वर्षांचा होता. मावशीचे हृदय थकले होते. यापुढे तिला फार हलवू नका, असे डॉक्टरांनी सांगितले होते. मी तिच्याकडे गेले, मांडीवर विसावलेल्या तिच्या हाताचा मोबाइलवर फोटो काढला आणि दुसऱ्या दिवशी तो घेऊन पेंटरांच्या दुकानात शिरले. ते माझ्या हातावर हवे, एवढेच मला सांगायचे होते.

"टीचर, बसा," पेंटर म्हणाले. मी पेडण्याच्या उच्च माध्यमिक विद्यालयात मराठी शिकवते हे त्यांना ठाऊक होते. तिथे कोण काय करते हे सगळ्यांनाच ठाऊक असते. "चित्र हाडलात?"

मी फोन पुढे केला. त्यांनी तो हातभर लांब धरला, मग आणखी लांब.

"फोटो माका वाचूक येना."

"मावशीला इथे आणता येणार नाही," मी म्हणाले. "आणि दुसरा हात कुठे नाही."

फोटोवरून काम न करण्याचा स्वतःचा नियम पेंटरांनी पहिल्यांदाच मोडला. त्यांनी फोन दीपालीकडे दिला. पडद्यावर मावशीचा हात होता: बांगडीखाली सुरकुतलेली कातडी, आणि तिच्यात विहिरीच्या काठावरच्या शेवाळासारखा एक हिरवट निळा डाग. कडा पसरलेल्या, मध्ये काही गाठी, बाजूंना फुटलेले पाय. ठिपके कसेबसे नऊ मोजता येत होते.

"तेरा आहेत," मी म्हणाले.

"हंय नव आसत," दीपाली म्हणाली.

पेंटरांचा आणखी एक नियम मला त्या दिवशी समजला. नवे चित्र गिऱ्हाइकाच्या अंगावर सरळ जाई. पण कोणाचे जुने गोंदण उतरवायचे असेल तर ते आधी स्वतःच्या पायावर घेत. त्यांची डावी पोटरी ही कच्ची वही होती. "दुसऱ्याच्या आवयचां गोंदण. चुकलां तर माज्याकडे ऱ्हवांदी," असे ते म्हणत. दुसऱ्याच्या आईचे गोंदण, तेव्हा चूक आपल्याच पायावर राहावी. त्या संध्याकाळी दीपालीने फोटोतला तो आकार जसाच्या तसा, पसरलेल्या कडांसकट, त्यांच्या पोटरीवर गोंदला. मावशीच्या कातडीवर दिसले त्यातले काहीही त्यांनी गाळले नाही. एवढा प्रामाणिकपणा त्यांच्या अंगाशी येणार होता, हे आम्हां तिघांपैकी कोणालाच सुचले नाही.

दुसऱ्या दिवशी साडेअकराला रस्त्याकडेला पेंटर स्वतः उभे होते. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, डावा पाय मैलाच्या दगडावर. मी आणि दीपाली मेरेवर. बस आली. कंडक्टरने पायाकडे पाहिले, पेंटरांच्या चेहऱ्याकडे पाहिले, पुन्हा पायाकडे पाहिले आणि अगदी खात्रीने म्हणाला, "कुर्ली."

आख्खी बस खिडक्यांशी आली. खेकडा कधी पाहिलाच नव्हता असे सगळे पाहू लागले. "नांगयो बरे काडल्यात," मागच्या सीटवरून कोणीतरी म्हणाले, आणि वळणापलीकडे गेल्यावरही बसचे हसू ऐकू येत राहिले.

पेंटर हसले नाहीत. त्यांनी पाय दगडावरून उतरवला, पँट सरळ केली, आणि त्या दिवशी दुकान उघडलेच नाही. चार दिवस ते कोणाशी बोलले नाहीत असे दीपालीने मला सांगितले. पाचव्या दिवशी शाळा सुटताना ते फाटकाशी उभे होते.

"टीचर, मावशीक बघूक होया. आयतारा वचूया."

तर रविवारी आम्ही तिघे निघालो. म्हापशाच्या स्टँडवर डिचोलीची बस सुटेपर्यंत पेंटर फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दुकानांच्या पाट्या वाचत फिरत होते आणि एकेकीवर निकाल देत होते. "रंग." "रंग." "ही बरी. ही कोणी ट्रकवाल्यान काडलेली." डिचोली मागे पडल्यावर आम्ही रिक्षा केली. रस्त्याच्या कडेला, एका उतारावर, एक सोडून दिलेला टिपर उभा होता. टायर नाहीसे झालेले, टपावर रानवेलींचे छप्पर, फाळक्यावर अनेक पावसाळ्यांनी चढवलेला गंज. पेंटरांनी रिक्षा थांबवली.

ते उतरले, रस्ता ओलांडून पलीकडे गेले, आणखी दहा पावले चढाव चढले आणि मग मागे वळले. वेलीच्या पानांमधून, गंजाच्या तांबड्यातून, पिवळ्या कडेची अक्षरे अजून उभी होती. मला रिक्षातून दिसली. रिक्षावाल्याने तर मोठ्याने वाचलीच. "सातेरी माउली प्रसन्न."

परत येऊन बसताना पेंटर एवढेच म्हणाले, "वाचूक येता." पण पुढचा सगळा रस्ता त्यांचा पाठकणा रिक्षाच्या गादीला टेकला नाही.

मावशी बाहेरच्या सोप्यावर चहात उंडो, आमच्याकडचा कडक पाव, बुडवून खात बसली होती. तिने पेंटरांना खालपासून वरपर्यंत न्याहाळले.

"हो कोण गो बाय? हात बघतलो? जोशी?"

"न्हय आये. पेंटर."

"मगे घराक रंग काड. भिंती बग कश्यो जाल्यात."

"आधी हात," पेंटर म्हणाले, आणि सोप्याखाली, दोन पायऱ्या सोडून, हात मागे बांधून उभे राहिले. परक्या म्हातारीच्या हाताला आपण हात लावायचा नाही हे त्यांनी मनाशी ठरवूनच ठेवले होते.

दीपालीला मात्र धीर नव्हता. "मावशे, पयलां ह्यांचो पाय बघा. पेंटर, दाखवा मावशेक तुमची कुर्ली."

पेंटरांनी मुकाट्याने पँट वर केली. मावशीने कप खाली ठेवला. मग ती हसू लागली, आणि तिचे ते हसणे पाहताना मला तिच्या हृदयाची भीती वाटली. ते खांद्यांतून उतरून पोटात गेले, डोळ्यांतून वाहू लागले, शेवटी तिने पदराने तोंड झाकले.

"अरे पुता, हें गोंदण न्हय," ती म्हणाली. "हें माजां म्हातारपण. तां तुज्या पायार कित्याक घेतलंस?"

पेंटरांनी पँट खाली केली. मला त्या क्षणी आमची चूक दिसली. मी फोटो काढला होता तो मांडीवर पडलेल्या, ऐंशी वर्षे सैल होत गेलेल्या कातडीचा. आणि आम्ही त्या सैलपणालाच चित्र समजून बसलो होतो.

"मावशी, तुला गोंदलं तेव्हा काय काढलं होतं?" मी विचारले.

"माका काय म्हायत. डोळे मिटलेले. सात वर्सांची आसलंय मी. उघडले तेन्ना हळदच हळद. मगे शेतात गेलंय, पाणी हाडूक गेलंय, लगीन जालां. कोण बघता हाताक?" तिने पदराने डोळे पुसले. "तुजी आवय रडाक नाय. ती पाच वर्सांची, पण रडाक नाय. मीच बोंब मारलंय. मगे आमच्या आवयन माजो हात धरलो. असो."

"कसा?" मी तिचे मनगट धरले.

"असो न्हय गो. हंय ये."

तिने माझे दोन्ही हात घेतले. एक तळवा तिच्या हाताखाली घातला, माझा एक अंगठा तिच्या कोपराकडे ठेवला, दुसरा मनगटाकडे. तिच्या कातडीला खोबरेल तेलाचा आणि चुलीच्या राखेचा वास होता. स्पर्श खूप धुतलेल्या सुती पातळासारखा, थंड आणि निसटता.

"ओड," ती म्हणाली.

मी घाबरत ओढले.

"ओड गो. मोडूचो नाय."

मी ओढले. माझ्या दोन अंगठ्यांच्या मध्ये मावशीचा हात ताणला गेला, सुरकुत्या एकेक करून विरल्या, आणि शेवाळासारखा तो डाग फुटला. गाठी सुटल्या. एकमेकांत मिसळलेले बिंदू हलके हलके बाजूला सरकले, वर्गात हजेरी घेताना दाटीवाटीने बसलेली मुले सरकून बसतात तसे. दीपालीने पर्समधून पेन काढले आणि नाक टेकेल इतकी वाकली.

"एक. दोन. तीन." प्रत्येक बिंदूवर ती निळा कण ठेवत होती. "सात. आठ. नव." इथे तिचा हात थांबला, कारण फोटोत इथेच सारे संपत होते. "ओडा, टीचर. वाईच मनगटाकडे." मी ओढले. "धा. अकरा."

इकडे पेंटर उलट्या पावली खळ्यातून मागे जात होते. एक कोंबडी त्यांच्या टाचेखालून निसटली. त्यांना कळले नाही. ते मागे मागे जात फणसाच्या बुंध्याला टेकले आणि तिथेच उभे राहिले.

"बारा," दीपाली म्हणाली. पेन मनगटाच्या घडीपाशी गेले. मग अगदी बारीक आवाजात, "तेरा."

माझ्या बोटाने बालपणी मोजलेला आकडा दुसऱ्या कोणाच्या तोंडून मी प्रथमच ऐकत होते.

"तुळस," फणसाखालून पेंटर म्हणाले. "वृंदावनासकट. खालती पणटी."

आम्ही तिघींनी खाली पाहिले. जवळून अजून ठिपके आणि तुटक रेघाच दिसत होत्या. मी हात न सोडता मान मागे घेतली, जितकी जाईल तितकी मागे, डोळे बारीक केले. आणि मग मलाही दिसली. चौथऱ्यावर सरळ उभी, दोन्ही बाजूंना तीन तीन मंजिऱ्या, पायाशी पणती.

"जवळसून मोजूक येता, लांबसून वाचूक येता," पेंटर परत येत म्हणाले. दीपालीशी तहाची वाटाघाट त्यांनी त्या एका वाक्यात उरकली. मग माझ्याकडे वळले. "म्हणान सांगतंय टीचर. फोटोतली कातडी ओडूक येना."

तुळशीचा आराखडा दीपालीने कागदावर उतरवून घेतला. निघताना मावशीने दोन अटी घातल्या. गोंदण बाईच्याच हातचे, म्हणजे सुई दीपालीची. आणि त्या दिवशी ती स्वतः पेडण्याला येणार. डॉक्टरांनी काय सांगितले आहे याची मी आठवण करून दिली, तेव्हा ती म्हणाली, "मगे तुजो हात कोण धरतलो? डॉक्टर?"

आता ते दुकान त्या वळणावर नाही. रस्ता रुंद झाला, मेर रस्त्याखाली गेली. पेंटर सिंधुदुर्गात मुलीकडे राहायला गेले. तिथल्या शाळेची भिंत त्यांनी रंगवली आहे आणि ती नदीपलीकडून वाचता येते, असे मी ऐकते. दीपालीचे स्वतःचे दुकान मांद्र्याला आहे, काचेच्या दाराचे. तीही गिऱ्हाइकाला सुई लावण्याआधी बाहेर रस्त्यावर उभे करते आणि स्वतः पलीकडे जाऊन पाहते. "पेंटरांची खोड लागली," असे सांगते, आणि चेहऱ्यावर तक्रार आणायचा प्रयत्न करते.

पण त्या सकाळी वळण जागेवर होते. माझ्या भावाने मावशीला सावकाश, काचा लावून, गाडीने आणले. ती दुकानासमोरच्या बाकावर बसली, कोकम सरबत एका दमात प्यायली आणि "बस खंय आसा?" म्हणून तिने तीनदा विचारले. तुळस मूळ हातावरच वाचलेली होती, म्हणून पेंटरांच्या पोटरीला या वेळी सुट्टी; दीपालीने सरळ माझ्या डाव्या हातावर जांभळ्या शाईचा छाप उमटवला. पेंटर मेरेवर गेले. मी रस्त्याकडेला जाऊन हात वर धरला.

ऊन डोक्यावर येत होते. शाई वाळताना कातडी किंचित आवळली जात होती. भातशेतातून ओल्या चिखलाचा वास येत होता आणि समुद्राकडून खारट वारा. मला कळत होते की बसमधून 'कुर्ली' असा शब्द आला तर पेंटर माझ्या आईसाठीही नियम वाकवणार नाहीत. बोळा घेऊन येतील आणि "फाल्यां" म्हणतील. आणि मावशीच्या वाट्याला असा दुसरा प्रवास नव्हता.

बस आली. वळणावर नेहमीसारखी मंदावली. कंडक्टर दारातून वाकला, त्याने माझ्या हाताकडे पाहिले, आणि काहीच बोलला नाही. बस तशीच पुढे गेली. मी हात वर धरून तिच्या पाठीकडे पाहत राहिले. मेरेवर पेंटरांचा तळवा कानावरून खाली आला.

मग पुढे, बऱ्याच अंतरावर, ब्रेक लागला. कंडक्टर खाली उतरला आणि तिकिटांची पिशवी छातीशी धरून चालत मागे येऊ लागला. इतक्या वर्षांत तो कधी उतरला नव्हता.

"लांबसून सांग," मेरेवरून पेंटर ओरडले. "लागी वचू नको."

"लांबसूनच वाचली," कंडक्टर चालता चालताच म्हणाला. "तुळस. आता फक्त जवळसून बघूक येतंय." माझ्यासमोर येऊन त्याने टोपी मागे सारली. "माज्या आजयेची अशीच आसलेली. पणटेसकट."

बाकावरून मावशीने हाक मारली. "मगे ही वाच."

तिने आपला डावा हात वर केला होता. कोणी ताणलेला नव्हता. कातडी कोपरापासून खाली ओघळली होती, आणि त्यावर तोच शेवाळी डाग, ज्याला सगळ्या बसने खेकडा म्हटले होते. कंडक्टरने तिच्या हाताकडे पाहिले, मग माझ्या, मग पुन्हा तिच्या. घाई केली नाही. बसमधली माणसे मागच्या काचेला चिकटली होती.

"तीच," तो म्हणाला. "आजये, तुजी पयली. हिची तिच्यावयसून काडलेली."

मावशीने हात खाली घेतला आणि सर्वांना दिसेल असा मांडीवर ठेवला. कंडक्टर धावत परतला, घंटी दोनदा वाजली. पेंटर रस्ता ओलांडून आले. त्यांनी माझा हात पाहिला नाही, मावशीचा पाहिला नाही, दारात उभ्या असलेल्या दीपालीकडे पाहून म्हणाले, "सुई काड."

स्वतः मात्र आत आले नाहीत. बायकांचे गोंदण, आपले तिथे काम नाही, असे म्हणून पुन्हा मेरेवर गेले आणि उघड्या दारातून दिसेल तेवढे तिथून पाहत राहिले. आत मावशीने माझा हात आपल्या मांडीवर घेतला, खाली तळवा सरकवला आणि दोन्ही अंगठ्यांनी ओढला. त्या अंगठ्यांत इतका जोर असेल असे वाटले नव्हते. यंत्र गुणगुणू लागले. रेघांना भाजल्यासारखे दुखले, ठिपक्यांना टोचल्यासारखे. मी डोळे मिटले नाहीत.

शेवटी ठिपके आले. एकेक उठला की मावशी मोठ्याने मोजत होती, मेरेपर्यंत जाईल अशा आवाजात. "तेरा" म्हणून ती थांबली, दीपालीने यंत्र बंद केले, आणि दारातून पाहिले तर भातशेताच्या कडेला, उन्हात, पेंटर दोन्ही हात वर करून उभे होते.

हरमलहून परतणारी बस त्यांच्यासमोर थांबली. कंडक्टर वाकून, त्यांच्या कोऱ्या हातांकडे पाहत, काहीतरी विचारत होता. पेंटरांनी हात खाली घेतले नाहीत.